उधारी मागताना पोटात गोळा का येतो?



"सर, वसुलीला निघाले की पोटात गोळा येतो. धंदा माझ्या रक्तातच नाही बहुतेक." मसाले बनवणाऱ्या एका ताईंनी आमच्या बॅचमध्ये हे सांगितलं. एका दुकानदाराकडे तीन महिन्यांची उधारी अडकलेली, आणि ताई दर वेळी दुकानासमोरून नुसत्याच परत यायच्या.

आज हा गोळा समजून घेऊ.

छातीतली धडधड, घशाची कोरड, पोटातली भूक या आतल्या खबरा मेंदूकडे सतत जात असतात. त्या जाणवणं म्हणजे 'इंटरोसेप्शन'. मेंदूतला 'इन्सुला' नावाचा भाग यात मोठं काम करतो. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८४ मध्येच मांडलं, की आधी शरीर बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. पुढच्या संशोधकांनी त्यात भर घातली: मेंदू प्रसंग बघून त्या बदलाचा अर्थ लावतो. म्हणून वरातीत नाचताना धडधडलं तर मजा वाटते, दुकानदारासमोर धडधडलं तर भीती.

आता नीट लक्ष द्या. "पोटात गोळा आला" ही खबर. "मी भित्री आहे" हा आपण लावलेला अर्थ. तोच अर्थ पुन्हा पुन्हा लावला, की ती आपली ओळख होऊन बसते.

मग शरीराकडे दुर्लक्ष करायचं का? अजिबात नाही. २०१६ मध्ये लंडनमधल्या १८ ट्रेडर्सचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नाडीला हात न लावता स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजायचे, एवढंच काम. ज्यांना ते जास्त अचूक जमलं, त्यांची कमाई जास्त होती आणि ते त्या धंद्यात जास्त वर्षं टिकलेले होते. अर्थात, माणसं फक्त १८. ठोके मोजल्याने नफा होतो, असं यातून सिद्ध होत नाही. पण आतली खबर ऐकणं हा कमकुवतपणा नाही, एवढं नक्की.

पुढच्या वेळी गोळा आला, की हे करा:

१. खबर जशी आहे तशी वहीत लिहा. "पोट आवळलंय, हात गार." स्वतःवर शेरा मारू नका.

२. साधं कारण तपासा. जेवण झालंय का? झोप? सकाळपासून चहा किती झाला?

३. विचारा, "यात कामाची काही माहिती आहे का?"

ताईंनी हेच केलं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडलं: माल दिल्याची नोंदच धड नव्हती! दुकानदार "एवढे नाहीत" म्हणाला तर दाखवणार काय? गोळा खरं तेच सांगत होता. त्यांनी तारखेनुसार हिशोब लिहिला, दुकानदाराच्या जुन्या सह्या शोधल्या आणि गेल्या. अर्धी रक्कम त्याच दिवशी मिळाली.

"गोळा आला होता का?" मी विचारलं.

"आला होता की! पण या वेळी मी आत गेले."