वाढीव वॉरंटी : सही करण्यापूर्वी घरी हिशेब करा

२०२५ च्या पाडव्याची गोष्ट. मुखेड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने नवी मोटार घेण्याचे ठरवले. हौस होतीच, पण खरी नड होती ती आईची. माझ्या बहिणीला महिन्यातून दोनदा नांदेडच्या दवाखान्यात न्यावे लागते आणि एस.टी.च्या धक्क्यांनी ती थकून जाते. थोडे पैसे तुरीचे, बाकीचे कर्जाचे. "मामा, तुम्ही सोबत चला," म्हणाला, म्हणून गेलो.

गाडीला हार घातला, पेढे वाटले आणि शेवटी एक कागद पुढे आला. "वाढीव वॉरंटी. फक्त १८ हजार. कर्जात बसवून देतो, कळणारसुद्धा नाही," विक्रीवाला मुलगा म्हणाला. भाच्याने पेन उचलला. तेवढ्यात सूनबाईने हळूच विचारले, "मामा, गाडी गोठ्याजवळ उभी राहणार. उंदरानं वायर कुरतडली तर हे भरून देतील का?"

मुलगा हसला. "नाही वहिनी, ते यात येत नाही."

"मग काय येतं?" त्याला नीट सांगता येईना. भाच्याने पेन खाली ठेवला. आम्ही अटींची पुस्तिका मागून घेतली आणि रात्री घरी बसून वाचली. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे मांडतो.

वॉरंटी वेगळी, विमा वेगळा

कारखान्यात बनवताना राहिलेला दोष पुढे उघड झाला, तर तो भाग कंपनी फुकट दुरुस्त करते किंवा बदलते. ही वॉरंटी. ती गाडीच्या किमतीतच येते. वाढीव वॉरंटी म्हणजे ती मुदत पैसे देऊन लांबवणे. अपघात, चोरी, आग, पूर यांचा तिच्याशी संबंध नाही. ते काम विम्याचे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुराचे पाणी गावांत शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीला वॉरंटी कामी येत नाही. विमासुद्धा सर्वंकष हवा. नुसता तृतीय पक्षाचा विमा आपल्या गाडीचे नुकसान देत नाही. इंजिनात पाणी शिरून झालेल्या बिघाडासाठी बहुधा इंजिन संरक्षणाची जादा जोड घ्यावी लागते. गाडी पाण्यात सापडली तर चावी फिरवू नका, ओढून न्या.

टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, ऑइल ही झिजणारी व संपणारी वस्तू वॉरंटीत सहसा बसत नाहीत. बाहेरून वायर कापून जादा दिवे किंवा गाणी बसवली, तर विजेच्या बिघाडाचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणि खाजगी नंबराच्या गाडीतून वडाप केले, तर वॉरंटी व विमा दोन्ही अडचणीत येतात.

'जे आधी संपेल ते'

कागदावरचे हे चार शब्द बोट ठेवून वाचा. मुदत वर्षांत आणि किलोमीटरमध्ये दिलेली असते. त्यातले जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. समजा, वाढीव धरून एकूण मुदत पाच वर्षे किंवा १ लाख ४० हजार किलोमीटर आहे. ज्याची गाडी लातूर-नांदेड सतत पळते आणि वर्षाला ४० हजार किलोमीटर होते, त्याची वॉरंटी साडेतीन वर्षांतच संपेल. भाच्याची गाडी वर्षाला फार तर ८ हजार चालणार. त्याला पाचही वर्षे मिळतील, पण पाच वर्षांत गाडी चालेल ४० हजार. एवढ्या चालीत साध्या गाडीचे इंजिन किंवा गिअरबॉक्स सहसा जात नाही. गेले तर ते विजेचे किंवा एसीचे एखादे काम.

आता पैशाकडे पाहू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात तोही सगळ्यांना मिळाला नाही. हमीभावानेच धरले तरी १८ हजार म्हणजे पावणेचार क्विंटलांच्या आसपास सोयाबीन. हीच रक्कम साडेनऊ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या कर्जात घातली, तर महिना ३७८ रुपये, म्हणजे एकूण सुमारे २२,७०० रुपये फिटतात. 'कळणारसुद्धा नाही' याचा अर्थ हा.

कोणी घ्यावी, कोणी नाही

वॉरंटी सरसकट वाईट नाही. डिझेल किंवा टर्बो इंजिन, आपोआप बदलणारे गिअर, जागोजागी संगणकी यंत्रणा अशी गाडी असेल, ती सात-आठ वर्षे ठेवायची असेल आणि अधिकृत सर्व्हिस केंद्रावर वेळेवर नेणे जमत असेल, तर वाढीव वॉरंटी जरूर घ्यावी. अशा गाडीचा एकच मोठा भाग गेला तर सगळे पैसे वसूल होतात. साधी पेट्रोल गाडी, कमी चाल, तीन-चार वर्षांत विकायचा बेत किंवा गावच्या मिस्त्रीकडेच काम करून घ्यायची सवय असेल, तर ते पैसे स्वतःजवळ राहिलेले बरे.

ही सवय मलाही महागात पडली आहे. माझ्या विहिरीवरची मोटार सात महिन्यांत जळाली. कार्ड घरात होते, पण त्यावर दुकानाचा शिक्का नव्हता, आणि मी ती आधी एकदा ओळखीच्या माणसाकडून उघडून घेतली होती. वाइंडिंगचे पैसे खिशातूनच गेले. गाडीचेही तसेच. सर्व्हिसची एक तारीख चुकली, एक पावती हरवली, की दावा लंगडा होतो.

कागद मागा

वॉरंटी कंपनीची की दुसऱ्या कोणाची, काय वगळले आहे, गाडी विकल्यावर ती पुढच्या मालकाला मिळते का, हे लेखी घ्या. पुष्कळ कंपन्यांत मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत वाढीव घेता येते. उशिरा दर चढतो एवढेच. त्यामुळे मुहूर्ताच्या दिवशी घाई नको. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गैर ठरवली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

भाच्याने वॉरंटी घेतली नाही. सूनबाईने पोस्टात महिना ३०० रुपयांचे आवर्ती खाते काढले. साठ महिन्यांत तेच १८ हजार, वर व्याज. मूळ वॉरंटी तीन वर्षांची आहे. नंतर गरज पडली तर खाते मोडता येते. गाडी नीट चालली तर पैसे घरातच. गाडी आता गोठ्यापासून दूर, कडब्याच्या गंजीला पाठ करून उभी असते. बहीण दवाखान्यातून येते ती हसतमुखाने.