मैदानावरची गंमतगाडी

तुमसरच्या एखाद्या मैदानावर आंतरशालेय फुटबॉलचा अंतिम सामना आहे, अशी कल्पना करा. दोन्ही संघ रांगेत उभे आहेत. शिट्टी वाजते आणि कोपऱ्यातून एक भला मोठा चेंडू डुलत डुलत मैदानात येतो. त्याला चार चाके आहेत, समोर दोन टपोरे डोळे आहेत आणि डोक्यावर सामन्याचा खरा चेंडू ठेवलेला आहे! आता ही गंमतगाडी तुम्हीच तयार करायची, असे सरांनी सांगितले, तर सुरुवात कोठून कराल?

"आधी डोळे रंगवू," असे बरेच जण म्हणतील. पण डोळे सर्वांत शेवटी. आधी पाहायचे ते चाकांखाली.

अशा गाड्या खरोखर असतात?

असतात तर! अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर राखीव गोलंदाजाला आत आणण्यासाठी प्रचंड चेंडूच्या आकाराची, वर संघाची टोपी घातलेली गाडी असे. 1970 नंतरच्या दशकात या गाड्यांची चलती होती. 1995 च्या सुमारास त्या नाहीशा झाल्या आणि 2018 मध्ये एका संघाने ही प्रथा पुन्हा सुरू केली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फेकलेल्या थाळ्या आणि भाले परत आणायला खऱ्या मोटारीच्या चौथाई मापाच्या, विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या मोटारी होत्या. टोकियोच्या ज्या ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने 7 ऑगस्ट 2021 रोजी 87.58 मीटर भालाफेक करून सुवर्णपदक मिळवले, तेथे हे काम लहान यंत्रमानव-गाड्यांकडे होते. त्याच वर्षी 11 जूनला रोममध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या सामन्याचा चेंडू एका खेळण्याएवढ्या मोटारीने मैदानात आणला.

आपल्या मुंबईच्या रवी शास्त्रीला 10 मार्च 1985 रोजी मेलबर्नला बक्षीस मिळालेली मोटार आठवते? साऱ्या संघाने तिच्यावर चढून मैदानाला फेरी मारली होती. तो सामना संपला होता, म्हणून ठीक! आपली गाडी मात्र खेळ सुरू होण्यापूर्वी येणार आहे. तिने ओल्या मातीत चाकोरी पाडली, तर थोड्याच वेळात एखाद्या धावत्या खेळाडूचा पाय त्यात मुरगळेल. म्हणून पहिला प्रश्न दाबाचा.

बांधीतला धडा

तुमसरचा परिसर धानाचा. पावसाळ्यात धानाच्या बांधीत बैलगाडी का रुतते? तिच्या चाकाची लोखंडी धाव अरुंद असते. सारे वजन थोड्या जागेवर पडते, म्हणून दाब वाढतो. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी रुंद चाके लावतात, ती याचसाठी. वजन तेच, पण ते अधिक जागेवर पसरते.

आता हिशेब करू. तुमचे वजन 45 किलो आणि एका पायाच्या तळव्याची जागा 150 चौरस सेंटिमीटर धरा. चालताना एका पायावर भार आला की दर चौरस सेंटिमीटरला 0.3 किलो भार पडतो. आपली गाडी चालकासह 180 किलोंची आहे. तिला सायकलची चाके लावली, तर प्रत्येक चाक जेमतेम 15 चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकेल. चारांचे झाले 60. म्हणजे भार 3 किलो, तुमच्या पावलाच्या दहापट! त्याऐवजी कमी हवेची रुंद, मऊ चाके लावा. प्रत्येक चाक 120 चौरस सेंटिमीटर टेकले, तर भार 0.4 किलोहूनही कमी होतो. गाडी जणू पाऊल टाकीत चालली!

वळणावरची कसोटी

चेंडूचा आकार उंच आणि गरगरीत. वळताना तो बाहेरच्या बाजूला कलतो. किती कलणे चालेल, हे दोन मापांवर ठरते: चाकांमधील रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची.

दोन्हीकडच्या चाकांमध्ये 1 मीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्यही 1 मीटर उंच आहे, असे समजा. अशी गाडी सुमारे 4.9 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण आडव्या दिशेने झाले की उलटू लागते. ताशी 15 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 4.2 मीटर. या वेगाने 3 मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून त्वरण येते सुमारे 5.8. गाडी आडवी!

उपाय दोन. जड बॅटरी तळाशी ठेवा आणि वरचा चेंडू बांबूच्या कामट्या व कापडाचा करा. गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आला की मर्यादा दुप्पट, म्हणजे 9.8 होते. दुसरा उपाय म्हणजे वेग निम्मा करा. त्वरण एकदम चौथाई होईल.

दोन चाके, दोन वाटा

वळताना बाहेरचे चाक अधिक अंतर कापते. रुंदी 1 मीटर असेल, तर पूर्ण फेरीत हा फरक सुमारे 6.28 मीटर पडतो. दोन्ही चाके एकाच फिरत्या दांड्याला घट्ट बसवली, तर एक चाक घासत जाईल आणि गवत उपटेल. आपल्या बैलगाडीने ही अडचण केव्हाच सोडवली आहे. तिचा आस स्थिर असतो आणि चाके त्यावर आपापली फिरतात.

भंडारा जिल्ह्यातल्या शंकरपटातील छकडा तर खास शर्यतीसाठी हलका केलेला. 2014 मधील बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि या शर्यती पुन्हा भरू लागल्या. पट पाहायला गेलात, तर छकड्यातून अनावश्यक लाकूड कसे काढून टाकलेले असते, ते निरखून पाहा.

हात सुटला की गाडी थांबली

2011 च्या डिसेंबरात अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका शालेय सामन्यानंतर छोटी सामानगाडी चालकाविना सुटली आणि जल्लोष करणाऱ्या माणसांवर जाऊन आदळली. म्हणून आपल्या गाडीला असे बटण हवे, की हात उचलताच वीज बंद होईल आणि ब्रेक आपोआप लागेल. शिवाय चेंडूच्या आत बसलेल्या चालकाला चोहोकडचे दिसलेच पाहिजे. पायाशी आलेले लहान मूल दिसत नसेल, तर ती गंमतगाडी नव्हेच.

करून पाहा

आलेखाच्या कागदावर पाऊल ठेवून त्याची कड आखा, चौकोन मोजा आणि स्वतःचा दाब काढा. मग एक काडेपेटी फळीवर उभी ठेवा. ती घसरू नये म्हणून खालच्या बाजूला पट्टी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि पेटी कोणत्या कोनात उलटते, ते कोनमापकाने मोजा. पेटीत तळाशी दोन नाणी घट्ट बसवून पुन्हा मोजा, नंतर तीच वरच्या टोकाला बसवून मोजा. तिन्ही कोन वहीत लिहून ठेवा.

एवढे जमले की मग खुशाल डोळे रंगवायला बसा.