बारा व्होल्ट दिसतात, पोचत नाहीत

निजामांसाठी 1912 साली बनलेल्या रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टमध्ये सिंहासन होतं, सीटबेल्ट नव्हता. तीन ठिकाणी धरून ठेवणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी 1959मध्ये आणला. आपल्याकडे नव्या गाड्यांत पुढचे पट्टे सक्तीचे झाले 1994 साली. त्यामुळे हैदराबादेत जुनी अ‍ॅम्बेसेडर जपणाऱ्याला पट्ट्याच्या वायरिंगचा ताप नाही. तो आहे सत्तरच्या दशकातली परदेशी गाडी बाळगणाऱ्याला.

त्यातही 1974ची अमेरिकन मॉडेलं महाखट. पुढच्यांनी पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ द्यायचं नाही, असा तिथला नियम होता. सीटखाली वजन ओळखणारा स्विच, बकलमध्ये दुसरा, आणि दोघांचा क्रम तपासणारी पेटी: आधी बसा, मग पट्टा लावा. पट्टा कायमचा अडकवून ठेवण्याची चलाखी तिला कळे. पण सीटवरची किराण्याची पिशवीही तिला माणूसच वाटे! लोक इतके वैतागले, की त्याच ऑक्टोबरात कायदा करून सक्ती उठवावी लागली. गाड्यांतल्या वायरी मात्र तशाच राहिल्या.

आज अशी गाडी स्टार्ट होत नसेल, तर पेटी बदलण्याआधी सीटखाली वाकून बघावं. सीट मागेपुढे सरकताना वायर वाकून आतून तुटते. पावसात गालिचा ओला राहिला की कनेक्टरवर हिरवट थर चढतो आणि अर्थ कच्ची होते. इथेच मल्टीमीटर फसवतो. समजा, गंजामुळे 100 ओहमचा अडथळा आला आहे. कनेक्टर सुटा करून मोजलं, तर 10 मेगाओहमचा मीटर जेमतेम मायक्रोअँपिअरभर करंट ओढतो, अडथळ्यावर काहीच खर्च होत नाही आणि पडद्यावर ऐटीत 12 व्होल्ट दिसतात. तिथे 80 ओहमची रिले जोडा: तिच्या वाट्याला येतात 5.3 व्होल्ट. ती ओढतच नाही. म्हणून मोजमाप रिले जोडलेली असताना, वायरीच्या दोन टोकांमध्ये घ्यावं. वायर ‘डायरेक्ट’ करून देणारे पुष्कळ भेटतील, त्यांना थोपवावं.

ऐंशीच्या दशकापासूनच्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ 1981पासूनच्या काही मर्सिडीज एस-क्लासमध्ये, अपघातात पट्टा आवळणारी स्फोटक कुपी असते. तिच्या वायरीला मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावूच नये. तेवढ्या करंटनेही ती उडू शकते.