विसर की विषाद? : वृद्ध रुग्णाच्या स्मृतिविचाराची दिशा

आपल्या औषधालयांत मेध्य कल्पांची मागणी करणारे दोन वर्ग ठळकपणे दिसतात. एक परीक्षेच्या दिवसांत येणारे पालक आणि दुसरा साठी उलटलेले वृद्ध. ‘हल्ली काही लक्षात राहत नाही’ हे दुसऱ्या वर्गाचे नित्याचे गाऱ्हाणे. त्यावर ‘वय झाले’ असा शेरा मारून ब्राह्मीचा एखादा कल्प देण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. रुग्ण समाधानाने जातो, वैद्यही दुसऱ्या रुग्णाकडे वळतो. परंतु या विसराळूपणाच्या मुळाशी पुष्कळदा वार्धक्य नसून विषाद असतो. तो ओळखला गेला नाही तर उत्तमात उत्तम मेध्य द्रव्यही वाया जाते आणि उपचारसाध्य रुग्ण असाध्य समजला जातो. म्हणून स्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक वृद्धाची मनःस्थिती आधी तपासावी, हा या लेखाचा आग्रह आहे.

शास्त्राची भूमिका

जरावस्था हा वाताच्या प्राबल्याचा काळ होय. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वाताचे जे ऐंशी नानात्मज विकार सांगितले आहेत, त्यांत विषाद, अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व ही तिन्ही आढळतात. खिन्नता, निद्रानाश आणि चित्ताची अस्थिरता एकाच रुग्णात एकत्र का दिसतात, याचा उलगडा येथेच होतो. पुढे अग्र्य प्रकरणात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये आचार्यांनी विषादाला प्रथम स्थान दिले आहे.

शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृतीची आठ कारणे येतात : निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. यांपैकी सत्त्वानुबंध, म्हणजे मनाचे विषयाशी जोडलेले असणे, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. विषण्ण मनुष्याचे मन समोरच्या विषयाशी जोडलेच जात नाही. औषधाची गोळी घेतली तेव्हा मन दुसरीकडेच होते, मग ती घेतल्याचे स्मरण कोठून राहणार? येथे स्मृतीचे भांडार रिते झालेले नसते, त्यात भर पडणे थांबलेले असते.

आधुनिक निरीक्षणे

हीच गोष्ट आधुनिक मानसशास्त्र वेगळ्या परिभाषेत सांगते. अवसादात अवधान कमी होते, विचारांची गती मंदावते आणि साठवलेले आठवण्यासाठी लागणारा प्रयत्न रुग्ण करीत नाही. मात्र थोडी खूण दिली की पुष्कळदा त्याला आठवते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ किलोह यांनी १९६१ मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे अशा स्थितीसाठी ‘स्यूडोडिमेन्शिया’, म्हणजे आभासी स्मृतिभ्रंश, ही संज्ञा रूढ झाली.

दुसरे निरीक्षण अधिक सूक्ष्म आहे. १९८६ मध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी दाखवून दिले की, विषण्ण मनाला आयुष्यातील नेमके प्रसंग आठवणे कठीण जाते; त्यांच्या जागी ढोबळ सरासरी उरते. ‘सुखाचा एखादा दिवस सांगा’ म्हटले तर असा वृद्ध ‘पूर्वी सगळे बरे होते’ एवढेच म्हणतो. दिवस, स्थळ, माणसे यांचा तपशील येत नाही. रुग्णेतिहास घेताना हे सहज पडताळून पाहता येते.

तथापि ‘आभासी’ या शब्दाने निश्चिंत होऊ नये. उतारवयात प्रथमच उद्भवलेला अवसाद हा काही रुग्णांत खऱ्या स्मृतिभ्रंशाची पूर्वरूपे असू शकतो. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा जोखीम घटकांत अवसादाचा समावेश आहे. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. म्हणून विषाद बरा झाल्यावरही अशा रुग्णाची स्मृती दर सहा महिन्यांनी तपासत राहणे इष्ट.

भेद कसा करावा?

विषादजन्य विस्मृतीचा आरंभ बहुधा सांगता येतो : पत्नीचे निधन, निवृत्ती, मुलाचे परदेशी जाणे. रुग्ण स्वतः तक्रार करतो, किंबहुना ती वाढवून सांगतो. प्रश्न विचारता ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. पहाटे लवकर जाग येणे, अरुचि, वजन घटणे, सकाळी अधिक खिन्नता ही लक्षणे सोबत असतात. याउलट खऱ्या स्मृतिभ्रंशाचा आरंभ नकळत होतो. तक्रार नातेवाईक करतात. रुग्ण ती झाकतो, प्रयत्नपूर्वक पण चुकीचे उत्तर देतो आणि खूण देऊनही त्याला आठवत नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणे ही विशेष गंभीर चिन्हे होत. दोन्ही विकार एकत्र असणेही विरळा नाही.

तपासणीसाठी पंधरा प्रश्नांची वृद्ध-अवसाद मापनपट्टी पुरेशी सोपी आहे. सर्व उत्तरे होय-नाही स्वरूपाची असतात. निरक्षर ग्रामीण वृद्धांची बौद्धिक क्षमता तपासण्यासाठी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली हिंदी चाचणीही आपल्याला मार्गदर्शक ठरावी. लिहिता-वाचता न येणे म्हणजे स्मृतिदोष नव्हे, हे तिने गृहीत धरले आहे. याखेरीज जीवनसत्त्व ब-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि श्रवणशक्ती यांची तपासणी टाळू नये. आयुष्यभराचा शाकाहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन, असा योग आपल्याकडे नेहमीचा आहे. त्यात ब-१२ ची उणीव संभवते आणि ती खिन्नता व विसर दोन्ही आणू शकते. काही दिवसांतच बुद्धीचा गोंधळ झाला असेल, तर संसर्ग, सोडियमची घट किंवा डोक्याला मार यांचा विचार करून रुग्ण तातडीने रुग्णालयात पाठवावा.

औषधांचा इतिहास : आपल्याकडचाही

अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांनी वृद्धांची स्मृती मंदावते, हे आपण आवर्जून सांगतो. तोच न्याय आपल्या कल्पांनाही लावला पाहिजे. कनकासवातील धत्तूरात अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. श्वासाच्या वृद्ध रुग्णात त्याची मात्रा व कालावधी यांवर लक्ष हवे.

सर्पगंधेचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबातील तिचा उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकातून मांडला आणि ती जगभर पोहोचली. पुढे तिच्यातील रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांत अवसाद दिसल्याच्या नोंदी झाल्या. त्या संबंधाविषयी पुढे मतभेद झाले असले, तरी अवसादाचा इतिहास असलेल्या रुग्णास ते देऊ नये, हा संकेत कायम आहे. खिन्न व विसराळू वृद्ध रक्तदाबासाठी स्वतःच सर्पगंधा घेत नाही ना, हे विचारलेच पाहिजे.

चिकित्सा

मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सर्वपरिचित आहेत. वृद्धात यष्टिमधु दीर्घकाळ देताना रक्तदाब व पोटॅशियम यांकडे लक्ष असावे, विशेषतः मूत्रल औषधे चालू असतील तर. जलब्राह्मीवर परदेशांतही चाचण्या झाल्या आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत पासष्टीपुढील ५४ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे दिला गेला. काही काळाने शब्द आठवण्याची क्षमता सुधारली आणि खिन्नतेचे गुणांकही घटले. मात्र संख्या लहान होती आणि सहभागी व्यक्तींना स्मृतिभ्रंश नव्हता. यावरून स्मृतिभ्रंश बरा होतो असा दावा करणे अप्रामाणिक ठरेल. बाजारात ब्राह्मी म्हणून कित्येकदा मंडूकपर्णी मिळते, हेही ध्यानी ठेवावे.

वातशमनासाठी अभ्यंग, अग्नि पाहून घृत, नियमित निद्रा, सकाळचे ऊन व चालणे ही पायाभूत योजना होय. परंतु विषादाचा मुख्य उपचार सत्त्वावजय. मानस दोषांच्या उपशमासाठी चरकाचार्यांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य आणि समाधि यांच्या पंक्तीत स्मृतीलाही बसविले आहे. जी रोगाने ग्रासली तीच औषधही आहे! वृद्धाला आठवड्यातून एकदा बसवून आयुष्यातील एकेक नेमका प्रसंग तपशिलाने सांगावयास लावावा : पहिल्या पगाराचा दिवस, थोरल्या मुलीचे लग्न, विहिरीला पाणी लागले ती सकाळ. अशा पद्धतीने वृद्धांतील अवसाद कमी झाल्याचा अनुभव स्पेनमधील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे. घरातील नातवंडाकडेही हे काम सोपविता येते.

मध्यम व तीव्र अवसादात मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. चालू असलेली मानसौषधे एकाएकी बंद करू नयेत. ‘जगण्यात अर्थ वाटत नाही असे होते का?’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. विचारल्याने आत्महत्येची कल्पना सुचत नाही. उलट मनावरचा भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आले तर रुग्णाला एकटे ठेवू नये व त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. शासनाची १४४१६ ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

औषधालय चालकांस विनंती

स्मरणशक्तीचे औषध मागणाऱ्या वृद्धाला बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : झोप कशी आहे? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमते का? सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत? उत्तरे शंकास्पद वाटल्यास त्याला वैद्याकडे पाठवावे. यात एक बाटली कमी खपेल; परंतु ‘म्हातारपण’ म्हणून घरच्यांनी सोडून दिलेला एखादा माणूस पुन्हा घरात वावरू लागेल.