‘स्वमत’ कोणाचे? दहावीच्या मराठीच्या तासातील विद्यार्थी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत मराठी प्रथम भाषेसाठी कृतिपत्रिका असते, म्हणजे पाठांतरावर विसंबण्याऐवजी समोरच्या उताऱ्यावर किंवा कवितेवर विचार करून कृती सोडवायला लावणारी प्रश्नपत्रिका असते. तिच्यात कवितेचा कवी, विषय आणि ओळींचा सरळ अर्थ विचारल्यानंतर ती कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारणही विचारले जाते, आणि गद्य उताऱ्याखाली ‘स्वमत’ या नावाने विद्यार्थ्याचा स्वतःचा विचार मागितला जातो. ज्या परीक्षाव्यवस्थेत एकेका गुणाचा हिशेब होतो, तिने विद्यार्थ्याच्या नापसंतीलाही जागा द्यावी, ही साहित्यशिक्षणाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. दुर्दैवाने या जागेत लिहिले जाणारे मत बहुधा विद्यार्थ्याचे नसते. गाईडमधील किंवा शिकवणीच्या नोट्समधील तयार वाक्ये तेथे उतरतात.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकातील नारायण सुर्वे यांच्या ‘दोन दिवस’ या कवितेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अनाथ म्हणून वाढलेल्या, गिरणी कामगाराच्या घरी लहानाचे मोठे झालेल्या आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळेत शिपाई व नंतर शिक्षक झालेल्या या कवीने तीत कष्टकऱ्याच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला आहे. त्यात वाट पाहण्यात आणि दुःखात गेलेले दिवस आहेत, भाकरीच्या शोधात बरबाद झालेली जिंदगी आहे, दारिद्र्याकडे गहाण पडलेले हात आहेत आणि भट्टीत शेकल्या जाणाऱ्या पोलादाची उपमा आहे. या कवितेचे सार ‘कष्टाशिवाय यश नाही’ असे लिहून मोकळे होणे सोपे असले, तरी ते वाचन अपुरे आहे, कारण ही यशाची कथा नाही. राबूनही हात रिकामे राहतात ही वेदना आणि तरीही ढळू न दिलेला ताठ कणा, या दोहोंमधला ताण हाच या कवितेचा प्राण आहे. ज्याच्या घरात रोजंदारीचा हिशेब रोज संध्याकाळी होतो, त्या विद्यार्थ्याला हा ताण कोणी समजावून देण्याआधीच जाणवण्याची शक्यता मोठी असते. तयार उत्तर नेमका तोच ताण झाकून टाकते.

कवितेला स्वतःच्या मनाने प्रतिसाद देणाऱ्या वाचकासाठी संस्कृत साहित्यशास्त्रात ‘सहृदय’ ही संज्ञा आहे. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, अशा रसिकांना सहृदय म्हटले. लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासिकेने १९३८ मधील आपल्या पुस्तकात, साहित्यकृतीचा अर्थ कृती आणि वाचक यांच्या परस्परव्यवहारातून घडतो, असे वर्गातल्या अध्यापनाला समोर ठेवून मांडले. दोन्ही विचारांचा रोख असा की वाचकाचा प्रतिसाद म्हणजे मनाला येईल ते लिहिणे नव्हे. तो सरावाने तयार होतो आणि त्याला कवितेतील शब्दांचा आधार लागतो.

हा सराव वर्गात होत नाही, याचा सगळा दोष शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. वर्ग मोठे असतात, अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि पालकांना गुण हवे असतात. याहून खोल कारण मात्र भाषेचे आहे. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाजवळ प्रतिसाद असतो, पण तो प्रमाण मराठीत मांडताना चूक होईल ही भीती असते, आणि म्हणून गाईडमधले निर्दोष वाक्य त्याला अधिक सुरक्षित वाटते. ‘स्वमत’ लिहायला शिकवायचे, तर आधी ते मुलाच्या स्वतःच्या बोलीत वर्गात बोलून दाखवू द्यायला हवे आणि लेखनाची शुद्धी त्यानंतर पाहायला हवी.

शिक्षकांनी वर्षातील निदान एका कवितेचे उत्तर तरी फळ्यावर लिहून देऊ नये, आणि ‘ही कविता आवडली नाही’ असे कवितेतल्याच शब्दांच्या आधारे पटवून देणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याचे मत स्वतःला न पटले तरी, पूर्ण गुण द्यावेत.