वाडा एक, बिऱ्हाडे अनेक

घरात धान्याची कणगी असते, तशी आता माहितीचीही कणगी हवीशी झाली आहे. एखाद्या गुरुजींच्या घरचेच पाहा ना. शाळेची छायाचित्रे, प्रश्नपत्रिका, मुलांनी गावातल्या आज्यांकडून ध्वनिमुद्रित करून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या, सारे एका जुन्या संगणकात पडून असते. त्याची डिस्क बिघडली की सगळे गेले. ओवी म्हणणारी आजी पुन्हा कुठून आणायची?

म्हणून घरात एक लहानसा सर्व्हर ठेवावा. सर्व्हर म्हणजे मागू तेव्हा माहिती काढून देणारा, चोवीस तास जागा असलेला संगणक. मुलांना शिकण्यासाठी त्यातच प्रयोगशाळाही थाटता येते.

पण आधी खर्चाचे बोलू. बैल घेताना आपण त्याची किंमत पाहतो, तशीच वैरणही पाहतो. या यंत्राची वैरण म्हणजे वीज. एक वॅटचे उपकरण वर्षभर अखंड चालले तर 8.76 युनिट वीज लागते. जुना संगणक 60 वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे 526 युनिट. 20 वॅटचा असेल, तर 175. फरक झाला 351 युनिटांचा. तो आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा, म्हणजे फुकट मिळालेला संगणक महाग कसा पडतो ते कळेल. असे यंत्र बराच वेळ रिकामेच बसलेले असते. तेव्हा रिकामे असताना ते किती वीज खाते, हे प्लगला लावायच्या मीटरने मोजावे.

2023 साली आलेल्या इंटेल एन100 या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात 6 वॅट हा आकडा आहे. पण तो एकट्या प्रोसेसरचा, बरं का! साडेतीन इंची फिरती डिस्क नुसती फिरत राहिली तरी चार-पाच वॅट घेते, आणि फिरायला सुरुवात करताना काही क्षण वीस वॅटांहून अधिक ओढते. तेवढी ताकद वीजपुरवठ्याच्या पेटीत हवी.

आता प्रयोगशाळा. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहतात, तसे एका यंत्रात अनेक आभासी संगणक नांदवता येतात. आयबीएमने 1972 साली व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली, ती अशाच कामासाठी. फक्त तेव्हाची यंत्रे अवाढव्य होती. आज प्रॉक्समॉक्ससारखी मोफत प्रणाली हे काम घरी करते. मुलाने एक बिऱ्हाड मोडले तरी शेजारचे शाबूत राहते. मग मुलांनी न भिता शिकावे!

यात प्रोसेसर म्हणजे वाड्यातला आड. सगळे एकाच वेळी पाणी शेंदत नाहीत, म्हणून एकावर अनेकांचे भागते. मेमरी मात्र खोलीसारखी. एकाला दिली की ती साधारणपणे दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा हिशेब मेमरीचा करावा. मूळ प्रणालीला 2 जीबी, कोठाराला 4, मुलांच्या दोन लिनक्स संगणकांना दोन-दोन, असे 10 जीबी झाले. येथे 16 जीबी पुरे. पण विंडोजची दोन-तीन बिऱ्हाडे हवी असतील, तर 32 जीबी घ्यावे. एन100 ला इंटेलने 16 जीबीचीच मर्यादा सांगितली आहे, तेव्हा मग प्रोसेसरही दुसरा निवडावा.

कोठारासाठी सारख्या मापाच्या दोन डिस्का घ्या आणि एकीवरचे दुसरीवर आपोआप उमटेल अशी जोडणी करा. एक बिघडली तरी दुसरी तारून नेते. पण चुकून फाईल पुसली, तर ती दोन्हींवरून पुसली जाते. आरशात दिवे दोन दिसतात, फुंकर मारली की दोन्ही विझतात! म्हणून तिसरी डिस्क हवीच. तिच्यावर ठरल्या वारी नक्कल घ्यावी आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी.

राहिली वीज जाण्याची गोष्ट. यूपीएस यंत्र रात्रभर चालवण्यासाठी नसते. वीज गेल्याचा निरोप तारेने सर्व्हरला पोचावा आणि त्याने आपले कामकाज नीट आवरून बंद व्हावे, एवढ्यासाठी ते असते. म्हणून यूएसबी जोडणी असलेलेच यूपीएस घ्या.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहा: वॅट किती, मेमरी किती, डिस्का किती, आणि नक्कल कुणाच्या घरी. चौथ्या ओळीचे उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका. आजीची ओवी त्या चौथ्या ओळीवरच टिकून राहणार आहे.