पेशीत दिवा लावणारा रेणू

आज आधी एक प्रयोग करा आणि मगच पुढे वाचा. बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावातही तो सहज करता येईल, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. गावाच्या नावातच लिंब आहे, तेव्हा पानेही कडुलिंबाचीच घेऊ. कोवळी, तांबूस पालवी नको. गडद हिरवी, जून पाने मूठभर घ्या. ती खलबत्त्यात कुटा, वर बुडेल इतके औषधांच्या दुकानातले स्पिरिट घाला आणि पंधरा-वीस मिनिटांनी अर्क कापसाच्या बोळ्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरा. (स्पिरिट पटकन पेट घेते. चूल, स्टोव्ह, उदबत्ती यांपासून दूर बसा आणि शिक्षकांना सोबत घ्या.) आता खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा दिवा बाटलीवर धरा. दिव्याकडे थेट पाहू नका. बाटलीकडे बाजूने पाहा.

हिरवा अर्क चक्क लाल दिसेल. जांभळा प्रकाश आत गेला आणि लाल प्रकाश बाहेर आला. हरितद्रव्याच्या रेणूने जांभळ्या प्रकाशाची ऊर्जा गिळली, तिच्यातली थोडी उष्णतेच्या रूपाने गमावली आणि उरलेली प्रकाश म्हणून परत केली. ऊर्जा कमी झाली म्हणून रंग तांबड्याकडे सरकला. केंब्रिजचे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 साली या घटनेची नीट उकल केली आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून तिला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. मराठीत आपण तिला प्रतिदीप्ती म्हणू. काही पुस्तकांत अनुस्फुरण असाही शब्द तुम्हाला आढळेल.

आता तोच दिवा झाडावरच्या ताज्या पानावर धरा. लाल झळाळी जवळजवळ दिसत नाही! हरितद्रव्य तर तेच आहे. मग फरक कुठे पडला? जिवंत पानात हरितद्रव्याने गिळलेली ऊर्जा अन्न तयार करण्याच्या कामी ताबडतोब उचलली जाते. प्रकाश म्हणून परत येते ती शेकडा एक-दोन भाग. स्पिरिटातल्या एकट्या पडलेल्या रेणूला मात्र ऊर्जा द्यायला कोणी शेजारी नाही, म्हणून तो तिच्यातला बराच मोठा हिस्सा प्रकाशाच्या रूपाने टाकून देतो. म्हणजे रेणू उजळणार की नाही, हे त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण जिवंत पेशीच्या आत डोकावण्याची सारी विद्या तिच्यावरच उभी आहे.

पेशीत डोकावायचे कशाला? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक दिसते. तिच्यात कॅल्शियम, जस्त, लोह, मँगॅनीज अशा धातूंचे आयन सतत ये-जा करत असतात, पण ते दिसत नाहीत. पेशी ठेचून रासायनिक तपासणी केली तर कोणता धातू किती, हे कळते. पण तो पेशीच्या कोणत्या भागात होता आणि केव्हा हलला, हे कळत नाही. बाजार उठल्यावर मैदान झाडून काढावे आणि कचऱ्यावरून कोण कुठे बसले होते ते सांगावे, तसाच हा प्रकार! म्हणून असा रेणू हवा, जो स्वतः पेशीत शिरेल, हवा तोच आयन पकडेल आणि पकडल्याबरोबर उजळेल. इंग्रजीत त्याला प्रोब म्हणतात. आपण शोधक रेणू म्हणू.

असा रेणू साधारणपणे दोन भागांचा असतो. एक भाग चमकणारा रंगद्रव्याचा, दुसरा आयन पकडणारा. दोहोंना जोडणारा छोटा दुवा मध्ये. मूळचे श्रीलंकेचे आणि बेलफास्टमध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ ए. प्रसन्न डी सिल्वा यांनी या बांधणीचा मोठा अभ्यास केला. आयन नसताना दिवा विझलेला का असतो, हे समजण्यासाठी एसटीचा प्रवास आठवा. रंगद्रव्याने प्रकाश गिळला की त्याचा एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पातळीवर चढतो. जणू एक मुलगा सीट सोडून टपावर गेला. तो परत खाली येऊन आपल्या सीटवर बसला, की प्रकाश बाहेर पडतो. पण शेजारी नायट्रोजनचा अणू टपून बसलेला आहे. त्याचा एक इलेक्ट्रॉन रिकामी सीट बघून चटकन तिथे बसतो. टपावरच्या मुलाला आता आपली जागा उरली नाही. तो मागल्या दाराने निमूटपणे शेजाऱ्याच्या रिकाम्या जागेवर जातो. प्रकाश काही पडत नाही. धातूचा आयन येऊन नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, तेव्हा मात्र सीट मोकळी राहते आणि दिवा लागतो.

कागदावर हे सोपे वाटते. खरी कसोटी पुढेच आहे.

पहिली अडचण पेशीच्या दाराशीच येते. पेशीपटल स्निग्ध पदार्थांचे, तेलकट असते. आयन पकडणाऱ्या रेणूवर बहुधा ऋण विद्युतभार असतात, आणि भार असलेला रेणू त्या तेलकट पडद्यातून जात नाही. अमेरिकेचे रॉजर चेन केंब्रिजमध्ये काम करत असताना त्यांनी 1981 साली यावर नामी युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी प्रत्येक भारावर एस्टरचे झाकण बसवले. झाकलेला रेणू सहज आत शिरतो. आत पेशीची स्वतःची विकरे ती झाकणे कापून टाकतात, भार उघडे पडतात आणि रेणू आतच अडकतो. पेशीच्याच हातून दाराला कडी लावून घेण्यासारखे हे झाले. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी कल्पना हीच.

दुसरी अडचण पकडीची. सोनाराच्या तराजूत उसाचा ट्रॅक्टर तोलता येत नाही आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नाकातली चमकी तोलता येत नाही. पेशीबाहेर जितके मोकळे कॅल्शियम असते, त्याच्या सुमारे दहा हजारांश इतकेच पेशीच्या आत असते. तेव्हा आतल्या कॅल्शियमसाठी पकड घट्ट हवी. पण इतकीही घट्ट नको, की एकदा धरलेला आयन सुटणारच नाही. आयन आला की उजळणे आणि गेला की विझणे, दोन्ही जमले पाहिजे. शिवाय शेजारी कितीतरी पटींनी जास्त असलेल्या मॅग्नेशियमकडे दुर्लक्ष करता आले पाहिजे. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या 'फुरा-2' या रेणूत हे सारे साधले. त्यावर 340 आणि 380 नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश आळीपाळीने टाकतात आणि दोन्ही वेळच्या उजेडाचे गुणोत्तर काढतात. पेशीच्या एखाद्या भागात रेणूच जास्त साठला असेल, तर दोन्ही उजेड सारखेच वाढतात आणि गुणोत्तर बदलत नाही. कॅल्शियम वाढले तरच ते बदलते. चेन यांना पुढे 2008 साली हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनावरील कामासाठी ओसामू शिमोमुरा व मार्टिन चाल्फी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅल्शियमचे जमले, मग मँगॅनीजचे का जमू नये? या धातूशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत आणि तोच पट्टा पुढे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात जातो. (बीडच्या बालाघाट डोंगराशी त्याचा संबंध नाही, फक्त नाव एक.) मँगॅनीजवाचून आपले चालत नाही. तुम्ही कुटलेल्या कडुलिंबाच्या पानातसुद्धा पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन सोडणाऱ्या केंद्रात मँगॅनीजचे चार अणू असतात. पण हाच धातू शरीरात जास्त झाला तर मेंदूवर आघात करतो. स्कॉटलंडमध्ये मँगॅनीजची भुकटी कुटणाऱ्या कामगारांची चाल बिघडते, पायांतले बळ जाते, असे कूपर नावाच्या डॉक्टरांनी 1837 सालीच नोंदवले होते. 2012 साली असेही आढळले, की एसएलसी30ए10 या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या शरीरात खाणीची धूळ न लागताही मँगॅनीज साठत जाते. मग हा धातू पेशीत नेमका कुठे जाऊन बसतो?

यासाठी शोधक रेणू बनवणे फार कठीण होते. एक तर मँगॅनीज आयन इतर बऱ्याच धातूंपेक्षा सैल बांधला जातो. तांबे, जस्त त्याची जागा सहज बळकावतात. दुसरे म्हणजे त्याच्यात पाच एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि असा आयन जवळच्या रंगद्रव्याचा दिवाच विझवतो. ज्याला पाहून दिवा लागावा, तोच फुंकर मारणारा! ही फुंकर कशी असते ते तुम्हाला पाहता येईल, मात्र मँगॅनीजऐवजी तांबे घेऊन. कडुलिंबाच्या अर्कात थोडे व्हिनेगर घाला. हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाईल आणि अर्क मळकट तपकिरी होईल, पण जांभळ्या दिव्यात त्याची लाल झळाळी राहील. आता मोरचुदाचा एक बारीक खडा टाकून बाटली तासभर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा (विस्तव जवळ नको, बाटलीचे बूच सैल, आणि मोरचूद विषारी असल्याने हात धुवा). तांबे त्या रिकाम्या जागेत जाऊन बसते. अर्क पुन्हा हिरवागार होतो आणि झळाळी मात्र मावळते.

मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील अंकोना दत्ता आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या अवघड आयनाचा पाठपुरावा केला. बोडिपी नावाचे, बोरॉन व फ्लुओरिन असलेले झगझगीत रंगद्रव्य त्यांनी घेतले आणि आयन बसण्यासाठी त्याला मोठ्या वलयासारखी बैठक जोडली. बैठकीचा आकार आणि तिच्या फांद्या बदलत बदलत त्यांनी मँगॅनीज आल्यावर उजळणारा रेणू मिळवला आणि जिवंत पेशीत तो वापरून दाखवला. हे काम 2015 साली प्रसिद्ध झाले. 2019 साली त्यांनी फ्रान्समधील शास्त्रज्ञांच्या साथीने पुढचे पाऊल टाकले. शोधक रेणूचा उजेड पेशीतील गॉल्गी पिंडाकडे बोट दाखवत होता. पण एका साक्षीदारावर विसंबायचे कसे? म्हणून सिंक्रोट्रॉनमधील अतिशय बारीक क्ष-किरण झोताने पेशीतील मँगॅनीजचा वेगळा नकाशा काढण्यात आला. क्ष-किरणांना कोणता रंग, कोणता रेणू याच्याशी कर्तव्य नाही. ते थेट धातूच्या अणूला ओळखतात. दोन्ही नकाशे जुळले. गॉल्गी पिंड हे पेशीचे मँगॅनीज साठवण्याचे ठिकाण आहे, असे त्यातून दिसले. प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडणारी तिथली अनेक विकरे मँगॅनीजच्याच मदतीने काम करतात, तेव्हा हे नवल नाही. पण साठा मर्यादेबाहेर गेल्यावर पेशी कशी ढासळते, हा पुढचा प्रश्न आहे.

शोधक रेणू वापरताना एक पथ्य पाळावे लागते. रेणू फार घातले तर ते मोकळे आयन स्वतःच अडकवून ठेवतात आणि जे पाहायचे तेच बिघडते. म्हणून रेणू थोडाच घालायचा, आणि थोड्यानेही दिसावे म्हणून त्याचा उजेड झगझगीत हवा.

एका पेशीच्या पातळ थरासाठी हिरवा उजेड चालतो. पूर्ण अवयवात पाहायचे तर चालत नाही. रात्री बॅटरीच्या काचेवर बोटे ठेवून पाहा: बोटांतून लाल प्रकाशच बाहेर येतो, निळा-हिरवा रक्तातच गडप होतो. म्हणून आता लाल प्रकाश देणारे शोधक रेणू हवे आहेत. लाल उजेडासाठी रंगद्रव्याचा रेणू लांबवावा लागतो. लांबवला की तो तेलकट होतो आणि पाण्यात विरघळत नाही. विरघळावा म्हणून विद्युतभार जोडावा, तर तो पेशीच्या दाराशीच अडतो आणि पुन्हा झाकणे शोधावी लागतात.